सर्जनचा चहा

गॅरेजात त्याला सगळे सर्जन म्हणत, आणि हे नाव त्याने स्वतःच स्वतःला ठेवलं होतं. मेव्हण्याच्या ट्रकचा टर्बो दुरुस्त करून त्याने परत बसवला, हात पुसले आणि "आता दहा वर्षं बघायला नको" असं जाहीर केलं. इंजिन सुरू झालं मात्र, टर्बोच्या जोडातून फसफस आवाज आला आणि काळ्या धुराने दोघांची तोंडं रंगवली.

"दाजी, धूर इथूनच बाहेर येतोय," मेव्हणा खोकत म्हणाला.

"येणारच. डिझेलची गाडी आहे, अत्तराची बाटली नाही!"

तरी त्याने बोल्ट आवळले. पुन्हा आवळले. मग टर्बोच्या कंपनीचा उद्धार केला, रस्त्यांचा केला आणि शेवटी मेव्हण्याच्या गाडी चालवण्यावर घसरला. धुराने काही कुणाचं ऐकलं नाही.

थकून दोघे चहाला बसले. टेबलावरचा सर्जनचा ग्लास उचलून त्याच्या हातात देताना मेव्हण्याला ग्लासाखालची कोरी करकरीत पत्र्याची चकती दिसली. "दाजी, बशी झकास आहे. पण हिला बोल्टची भोकं कशाला?"

टर्बोच्या जोडात घालायचं, धूर अडवणारं नवं गॅस्केट होतं ते. टेबलावर डाग नको म्हणून सर्जननेच सकाळी ग्लासाखाली सरकवलं होतं.

"हरवू नये म्हणून नजरेसमोर ठेवलं होतं," सर्जन जराही न लाजता म्हणाला.

टर्बो पुन्हा उतरला, गॅस्केट बसलं, फसफस थांबली. पुढच्या फेरीला मेव्हण्याने दाजींसाठी भेट आणली. अर्धा डझन बशा, एकीलाही भोक नसलेल्या.