उजवीकडच्या सीटसाठी कुंभारवाड्यापर्यंत

वीस वर्षं मी गाडीत डावीकडे बसते आहे. बेळगावात माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे आणि शिकवणीच्या गाडीत माझ्याही पायाशी क्लच-ब्रेक असतात. अर्ध्या शहराला मी गाडी शिकवली, पण स्वतः मनासारखी गाडी शेवटची कधी चालवली ते आठवेना. म्हणून यंदा ठरवलं की घरात दुसरी गाडी घ्यायची आणि ती फक्त माझी असेल. दोनच सीट, वजनाला हलकी, छप्पर मागे टाकता येईल अशी. सुरेश, म्हणजे माझा नवरा, म्हणाला की या वयात लोक गुडघ्याला पट्टा घेतात. त्याला म्हटलं, पट्टाही घेईन, गाडीत बसूनच बांधेन.

असल्या गाड्या नव्या घेणं आपल्या खिशाचं काम नाही. पण पूर्वी आपल्याच भागात फायबरच्या अंगाची, छोट्या इंजिनाची, उघडी दोन सीटची गाडी बनायची. नाव सांगत नाही, शौकीन ओळखतील. तशी एक लाल गाडी जोयडा तालुक्यात विकायची आहे, असं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळलं. मालक जानूमामा, कुंभारवाड्याच्या पुढे दिग्गीच्या रस्त्याला राहणारे. फोनवर त्यांनी किंमत साडेतीन लाख सांगितली आणि लगेच विचारलं, "चालवणार कोण?" मी म्हटलं, मीच. "मग या," म्हणाले.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी सहाला मी आणि सुरेश निघालो. येताना दोन गाड्या आणायच्या म्हणून शिकवणीचीच गाडी घेतली, छपरावर स्कूलची पाटी होती तशी. खानापूर, लोंढा करत रामनगरला नाश्ता केला. तिथल्या हॉटेलात बन्स-भाजी मिळते, गरम असेल तरच घ्या. पेट्रोलही रामनगरातच भरून घ्या, पुढचा भरवसा नको. जगलबेटच्या पुढे जंगल दाट होतं, जोयड्यानंतर रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा. डांबर बरं आहे, पण प्रत्येक वळणावर हॉर्न द्या आणि संध्याकाळच्या आत मुक्कामी पोचा, कारण रस्त्यावर गवे येतात. कुंभारवाड्याच्या अलीकडे एका होमस्टेत सामान टाकलं. माणशी बाराशे, दोन्ही वेळचं जेवण धरून. दुपारच्या पानात भात, कुळथाचं सार आणि मुडली नावाच्या इथल्या कंदाची भाजी होती. मी ती भाजी तीनदा मागून घेतली.

जानूमामांचं घर भातखाचरांच्या कडेला आहे. सुगी चालू होती, खळ्यात भाताच्या पेंढ्यांची उडवी रचलेली, आणि तिच्या शेजारच्या खोपीत ती लाल गाडी. अंगणात एक जुनी पांढरी व्हॅनही होती. मामांची पासष्टी उलटलेली, अंग काटक. गोव्यात तीस वर्षं फायबरचं काम केलेलं, आधी होड्यांचं, नंतर गाड्यांचं. ही गाडी त्यांनी जुनी विकत घेतली आणि स्वतःच्या हातानं उभी केली. विकताय का, असं विचारल्यावर म्हणाले, "आता गुडघं दुखत्यात."

जुनी फायबरची गाडी घेणाऱ्यांसाठी इथे थोडं सांगते. फायबर गंजत नाही, त्यामुळे वरून गाडी नवरीसारखी दिसते आणि खाली चेसी सडलेली असू शकते. म्हणून आधी कपडे मळवा, खाली झोपा, बॅटरी लावून बघा. मग बॉडीवर नाणं वाजवत फिरा, जिथे आवाज बदलतो तिथे आत दुरुस्ती आहे. छताचं कापड उंदरांनी खाल्लंय का बघा. आरसी बुकाची मुदत बघायला विसरू नका. मी तासभर हे सगळं केलं. चेसीला मामांनी दरवर्षी काळा रंग दिला होता, कापडात कडुलिंबाचा पाला घातला होता. नाणं एकाच जागी वेगळं वाजलं, तर मामा खोपीच्या दारातून म्हणाले, "तितं झाडाची फांदी पडली हुती. मीच भरलंय." नाण्याच्या आवाजावरून त्यांनी जागा ओळखली. मला तो माणूस तिथेच आवडला.

"पयला फेरा मी मारतो," मामा म्हणाले. "तुमी नुस्तं बसा."

म्हणजे पुन्हा डावीकडेच. पण चालवणं काय सुरेख होतं! गिअर कधी पडला ते कळत नव्हतं. वळणाच्या आधी हॉर्न, वळणात हलकासा पाय, बाहेर पडताना गाडी आपणच सुटायची. जमिनीपासून वीतभर उंचीवर बसून दोन्ही बाजूंचं जंगल अंगावर येतं आणि इतकी हलकी गाडी रस्त्यावरचा खडा न् खडा पाठीला सांगते. मी खूश होते. मग एका सरळ पट्ट्यात मामांनी स्टिअरिंग उजवीकडे घेतलं, काहीतरी चुकवलं आणि पुन्हा डावीकडे आणलं. मी मागे वळून बघितलं. तिथे ताज्या डांबराचं चौकोनी ठिगळ होतं. खड्डा कधीच बुजवून झाला होता आणि मामा तो चुकवत होते.

मनात शंका आली, पण सवय असेल म्हणून मी गप्प बसले. पुढच्या वळणानंतर कुणीतरी अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलं होतं. एक बाई आमच्याकडे पाठ करून, खाली बसून हातानं भात चाळवत होती. मामांचा पाय ॲक्सिलरेटरवरून हलला नाही. माझा पाय माझ्या ब्रेककडे गेला आणि तिथे ब्रेकच नव्हता. मी हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगला हात घातला. गाडी भाताच्या कडेला, बाईपासून दोन हातांवर थांबली. बाई उठून हसली आणि म्हणाली, "मामा, आज हे कवाचं? तुमची व्हॅन सातला जाती न्हवं?"

तिच्याशी आणखी दोन शब्द बोलले, तेव्हा मला सगळं कळलं. या भागात बस कमी. मामांची व्हॅन रोज सकाळी सातला माणसं घेऊन जोयड्याला जाते आणि दुपारी परत येते. ती वेळ आणि तो हॉर्न सगळ्या वाडीला पाठ आहे. आवाज आला की लोक धान्य ओढून घेतात, पोरं, गुरं बाजूला करतात. मामांचा रस्ता रिकामा असतो, कारण सगळा गाव तो रिकामा करून देतो. आपण काय सांभाळतो आहोत याचा गावाला पत्ता नव्हता. आज गाडी वेगळी होती आणि वेळ चारची होती, एवढंच.

परत येताना स्टिअरिंग मी मागून घेतलं. जिच्यासाठी मी इतक्या लांब आले होते ती सीट अखेर मिळाली आणि मला तिचं काही सुख झालं नाही. डोक्यात व्हॅन होती. गप्प बसून पैसे दिले असते तर गाडी माझी होती. उद्या सकाळी सातला व्हॅन भरून माणसं गेली असती आणि मी बेळगावात असते.

अंगणात उतरल्यावर शेवंती, त्यांची सून, चहा घेऊन आली. तिचा नवरा गोव्याला कामाला असतो. आमची शिकवणीची गाडी वीसेक पावलांवर उभी होती. मी विचारलं, "मामा, आमच्या गाडीच्या छपरावर काय लिहिलंय?"

मामांनी तिकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"टॅक्सी," म्हणाले.

पाटीवर हातभर लाल अक्षरात ड्रायव्हिंग स्कूल लिहिलेलं आहे. शेवंतीनं ते वाचलं, सासऱ्याकडे बघितलं आणि चहाचा ट्रे खाली ठेवला. मी आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, मामा, तुम्ही माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवता, पण तुम्हाला दिसत नाही. ही गाडी मी घेईन न घेईन, पण उद्या व्हॅन काढू नका. मामांचा चेहरा लालेलाल झाला. तुम्ही गाडी बघायला आलात की मला, असं काहीसं म्हणाले आणि मग नीट एकेक शब्द तोडून, "गाडी इकायची न्हाई. जावा तुमी."

होमस्टेवर परतताना सुरेश एवढंच म्हणाला की आधी किल्ली घ्यायची, मग शिकवायचं. मी त्याच्याशी भांडले नाही. मला वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं त्या लाल गाडीचं होतं. उरलेलं निम्मं म्हाताऱ्या माणसाला त्याच्या सुनेसमोर पकडल्याचं. ते मला त्यांना एकट्याला गाठूनही करता आलं असतं. पण जे बोलले ते चुकलं असं एकदाही वाटलं नाही.

रविवारी सकाळी पिशव्या गाडीत टाकतच होतो, तर शेवंती चालत आली. धाप लागली होती. "अक्का, मामा व्हॅन काढिनात," म्हणाली. "रस्त्यावर सात जणं हुबी हायत. त्यातली एक पोटुशी हाय, काल सांजपास्नं पोटात दुकतंय म्हनती. तुमी याल व्हय?"

गेले. मामा पडवीत बसले होते. त्यांनी माझ्याकडे न बघता व्हॅनची किल्ली पुढे केली. मी म्हटलं, रस्ता मला माहीत नाही, तुम्ही शेजारी बसा. ते बसले. मागे सात माणसं, दोन पोती कंद आणि एक कोंबडा. आख्ख्या वाटेत मामा पुढचं वळण कसं आहे ते आधी सांगत होते आणि एकदाही चुकले नाहीत. पोटुशी बाईला जोयड्याच्या दवाखान्यात सोडलं. काळजीचं नव्हतं, तपासून घरी पाठवणार म्हणाले.

दवाखान्याबाहेर थांबलो असताना मामा आपणहूनच बोलले. दोन वर्षं झाली, कडेनं काळं होत होतं, आता मधलंही पुसट झालं होतं. "म्हणून ती इकाय काढली," म्हणाले. "पळणारी इकली की हळू चालणारी जमंल, आसं वाटलं. मी न्हाई काढली तर ह्या लोकांनी जायाचं कशानं?"

मी त्यांना फसवणारा समजत होते.

मग म्हणाले, "लाल गाडी न्या. साडेतीनच द्या. पन शेवंतीला शिकवा. पोरगं शिकवाय बसलं की दोगं भांडत्यात." नवऱ्याकडून गाडी शिकू नये, हा माझ्या धंद्याचा पहिला नियम आहे, असं मी त्यांना सांगितलं. ते पहिल्यांदा हसले.

पहिला धडा त्याच दुपारी, कापणी झालेल्या कोरड्या खाचरात झाला. संध्याकाळच्या आत मी लाल गाडीत आणि सुरेश शिकवणीच्या गाडीत, असे बेळगावकडे निघालो. जोयडा ते जगलबेट मी छप्पर मागे टाकून आले. थंडीनं नाक गळत होतं, रामनगरच्या चहावाल्यानं गाडीसकट माझा फोटो काढला आणि मी वीस वर्षांत इतकी खूश झाले नव्हते. नावबदलाची कागदपत्रं महिन्याभरात झाली, गाडी कर्नाटक पासिंगची असल्यानं त्रास पडला नाही.

पुढचे सहा रविवार मी त्या गाडीनं कुंभारवाड्याला गेले. पोचल्यावर उतरून व्हॅनमध्ये डावीकडे बसायचं, इथेही सुटका नाही. व्हॅनमध्ये माझ्या पायाशी ब्रेक नव्हता, पण शेवंतीला त्याची गरज पडली नाही. तोवर तिचा नवरा रजा काढून व्हॅन चालवत होता. दांडेलीला परीक्षेत ती पहिल्याच फेरीत पास झाली. आता सातची व्हॅन तीच नेते. मामांना काचबिंदू निघाला. गेलेली नजर येणार नाही, उरलेली सांभाळू, असं डॉक्टर म्हणाले. मामा रोज थेंब घालतात आणि शेवंती सांगते की व्हॅनमध्ये ते मागे बसतात आणि जोयडा येईपर्यंत एक शब्द बोलत नाहीत. ते मला फार लागलं. दुसरी गाडी घ्यावी का, असं मला आता कुणी विचारलं तर मी घ्या म्हणते, हलकी घ्या, जुनी घ्या, जीव लावलेल्या माणसाकडून घ्या. त्याच्या जिवाचं काय झालं, हे मात्र मी नीट सांगू शकत नाही.

गेल्या रविवारी मी आणि सुरेश चोर्ला घाटात गेलो होतो. परतताना, चढण सुरू व्हायच्या आधी, मामांचा फोन आला. बोलायचं काही नव्हतं त्यांना, गाडीत आहात का एवढंच विचारलं. मी हो म्हटलं, तर म्हणाले, फोन चालू ठेवा. सुरेशनं फोन हातात धरला आणि मी घाट चढायला लागले. तिकडून काही आवाज नव्हता, मधे मला वाटलं फोन तुटला. वर पोचून मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि विचारलं, "मामा, आहात का?"

"हाय," ते म्हणाले. "दुसऱ्या वळणाला तिसरा गिअर उशिरा टाकलासा, अक्का."

खरंच उशिरा टाकला होता.