रुस्काच्या बापाचं एक दृश्य

आमच्या गावात माणूस मेला की चर्चमध्ये जाण्याआधी माझ्या छपाईच्या दुकानात येतो. म्हणजे त्याचा फोटो येतो. आम्ही त्याला काळी चौकट घालतो, खाली चार ओळी छापतो, आणि घरचे लोक ते कागद दारावर, विजेच्या खांबांवर, बसथांब्यावर चिकटवतात. मेल्यावर एकदा, चाळिसाव्या दिवशी एकदा, मग वर्षाच्या वर्षाला. जिवंतपणी ज्याला कोणी हिंग लावून विचारलं नाही, तोसुद्धा खांबावरून वर्षानुवर्षं आमच्याकडे बघत राहतो. घरच्यांचा कागद वेगळा, कारखान्याचा वेगळा, शिकारी मंडळाचा वेगळा. कोणीही कोणाचाही लावावा, पण कोणी कोणाचा फाडू नये, एवढाच नियम.

दुकान माझं, म्हणजे या पावलाबाईचं. पण मजकूर लिहायची रुस्का. पूर्ण नाव रुसालिना देल्चेवा, पन्नाशीची, लग्न केलं नाही, आईचं सगळं केलं आणि आई गेल्यावर एकटी राहिली. ‘प्रेमळ’, ‘उदार’, ‘कधीही न विसरता येणारा’ हे शब्द ती झोपेतसुद्धा टाइप करायची. अशी ही बाई एके दिवशी म्हणते, मी घरबसल्या पटकथा लिहायला शिकणार. राजधानीतली, सोफियातली कुठलीशी संस्था, इंटरनेटवरून धडे येणार, हिने स्वाध्याय पाठवायचे आणि मास्तर तपासून परत धाडणार.

“अगं, गुडघे धरलेत तुझे आणि आता सिनेमा?” मी म्हटलं.

“सिनेमा गुडघ्यांनी लिहीत नाहीत, पावला.”

पहिल्याच धड्याने माझ्या धंद्यावर वरवंटा फिरवला. धड्यात म्हणे लिहिलं होतं, जे कॅमेऱ्याला दिसत नाही ते लिहू नका. झालं! बाईंनी मेलेल्यांचे गुण कापायला सुरुवात केली. बेकरीवाल्याची विधवा कागद घेऊन तणतणत आली.

“माझा नवरा दयाळू होता, ते कुठे गेलं?”

“दया दिसत नाही काकू,” रुस्का शांतपणे म्हणाली. “ते काय करायचे ते सांगा, मी लिहिते.”

म्हातारी बराच वेळ छताकडे बघत राहिली. “तसं काही करायचा नाही,” ती शेवटी म्हणाली. “तू आपलं दयाळूच टाक.”

मी हसून हसून बेजार झाले. पण रुस्का हसली नाही. तिला खरंच शिकायचं होतं, आणि कशासाठी ते मला ठाऊक होतं. तिला एकच सिनेमा लिहायचा होता: बाप आणि मुलगी.

तिचा बाप देल्चो याच गावात होता. बस चालवायचा. रुस्का पाळण्यात असताना तो घरातून निघाला आणि नदीपलीकडे दोन्का नावाच्या बाईकडे जाऊन राहिला. पूल ओलांडला की तिचं घर. पण पूल ओलांडून लेकीला बघायला तो कधी आला नाही, आणि हिच्या आईने घरात त्याचं नाव काढू दिलं नाही. गावात हिची आई समोर आलीच तर देल्चो रस्ता बदलायचा. मेल्याला तेवढी लाज होती म्हणायची.

सिनेमाचा पहिला मसुदा गेला आणि मास्तरांचा शेरा आला: ‘बाप कुठे आहे? सगळे त्याच्याबद्दल बोलतात, तो दिसत नाही. बापाला एक तरी दृश्य द्या. त्याशिवाय पुढचा धडा मिळणार नाही.’

रुस्काने तो शेरा दिवसभरात दहादा वाचला. संध्याकाळी दुकान बंद करताना म्हणाली, “कुठून देऊ? माझ्याकडे एकसुद्धा नाही.”

सोफियात बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या त्या मास्तरला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण रुस्का हट्टी. धड्यात म्हटलं होतं, माणसांत जाऊन बसा, त्यांचं बोलणं ऐका. ही गेली थेट पूल ओलांडून, जिथे म्हातारे सोंगट्या खेळत बसतात त्या कॉफीच्या दुकानात. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. देल्चो आला. आता ऐंशीच्या घरातला, काठी टेकत. तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, “ही खुर्ची घेतली तर चालेल का, बाई?”

“चालेल,” ही म्हणाली.

त्याने खुर्ची उचलली आणि दुसऱ्या टेबलाकडे नेली. ओळखलंसुद्धा नाही. बापलेकीचं आयुष्यातलं सगळं बोलणं ते एवढंच. रुस्काने तेच जसंच्या तसं लिहून पाठवलं. शेरा आला: ‘संवाद कमजोर. संघर्ष जाणवत नाही.’

“सोड हा कोर्स,” मी म्हटलं. “भरलेले पैसे गेले खड्ड्यात.”

“सोडून काय लिहू? प्रेमळ आणि उदार?”

तिला तेव्हा मास्तर, पास होणं, यातलं काही नको होतं. तिला ते दृश्य हवं होतं. बापाने कधीतरी आपल्याकडे वळून बघितलं असेल, एवढं. मला तिची इतकी दया आली की मी तिच्यावरच खेकसले.

मग वसंतात देल्चो मेला.

फोटो घेऊन दोन्का स्वतः आली. काळा रुमाल, काळे मोजे, ताठ मान. रुस्का टाइप करायला बसलेली. दोन्काला तिची ओळख नव्हती असं नाही, पण ती माझ्याकडे तोंड करून सांगत होती. शोकाकुल कोण कोण, तर पत्नी दोन्का, मेहुणी, साडू, भाचा.

“आणि मुलगी?” मी विचारलं. माझं तोंड फाटकं, हे गावाला माहीत आहे.

“कुठली मुलगी?” दोन्का म्हणाली.

माझ्या हातात स्टेपलर होता. तो मी तिच्या डोक्यात घातला नाही, याचं पुण्य मला कुठेतरी मिळेलच. रुस्काने मान वर न करता विचारलं, “फोटो जरा उजळ करू का? चेहरा नीट दिसत नाही.” आणि भाच्यापर्यंत सगळी नावं तिने एकही चूक न करता टाइप केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसथांब्यावर ही गर्दी! देल्चोच्या कागदाशेजारी देल्चोचाच दुसरा कागद. त्यात प्रेमळ नाही, उदार नाही, कविता नाही. लिहिलं होतं:

‘शाळेचं फाटक. दुपार. शाळा सुटते. रस्त्यापलीकडे बस थांबलेली. चालक खाली उतरून उभा आहे. तो हाक मारत नाही. लाल दप्तराची मुलगी कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो तिच्याकडे बघतो. मग बसमध्ये चढतो. बसला उशीर झालेला आहे. रुसालिना देल्चेवा, मुलगी.’

बाया रडत होत्या. मीही रडले, खोटं कशाला बोलू! वाटलं, तो गेल्यावर कोणीतरी तिला हे सांगितलं असावं. औषधाच्या दुकानातली म्हातारी नेदा म्हणाली, “अगं बाई, मी असायचे ना त्या बसमध्ये! रोज उशीर! आम्ही देल्चोला शिव्या घालायचो, आणि बिचारा लेकीला बघत असायचा.” लगेच आणखी दोघांना आठवलं. एकाला तर दप्तराचं बक्कलसुद्धा आठवलं.

रुस्काने तेच दृश्य मास्तरांनाही पाठवलं. उत्तर आलं: ‘प्रगती आहे. पण वडील नुसते उभे राहतात. पात्र निष्क्रिय.’

“निष्क्रियच होता,” मी म्हटलं. “मास्तर पहिल्यांदा बरोबर बोलला.”

तेवढ्यात दार उघडलं आणि दोन्का आत आली. हातात थांब्यावरून फाडून आणलेला तो कागद. गावात कोणी कोणाचा कागद फाडत नाही, आणि हिने भरदिवसा फाडला. मी गल्ल्यामागून उठून उभी राहिले. आज दोन हात होणार, असंच मी धरून चालले होते.

दोन्काने कागद रुस्कासमोर ठेवला. “शाळेवरून त्याची बस कधी गेलीच नाही,” ती म्हणाली. “सगळी नोकरी तो दगडखाणीच्या रस्त्यावर होता. पहिल्या दिवसापासून पेन्शनीपर्यंत. हे कधी घडलंच नाही.”

मी रुस्काकडे बघितलं. मला वाटलं, ही आता कोसळणार.

“मला माहीत आहे,” रुस्का म्हणाली.

“माहीत आहे? मग लिहिलंस कसं?”

“बापाचं एक दृश्य हवं होतं मला. त्याने दिलं नाही. म्हणून मी लिहिलं.”

म्हातारी नेदा, ते बक्कल, माझे स्वतःचे अश्रू, सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. मला रागही आला आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटलं.

दोन्का गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली. रुमालाचं टोक बोटाला गुंडाळू लागली. मग तिने विचारलं, “चाळिसाव्याचा कागदही तूच लिहिणार ना?”

“हो.”

“मग त्यात असंच एक माझंही लिही.” तिचा आवाज एकदम लहान झाला. “घरातलं. संध्याकाळचं. तो दारातून आत येतो, टोपी काढतो आणि मला विचारतो, तू जेवलीस का?”

रुस्काने की-बोर्ड पुढे ओढला. “टेबलावर काय दाखवू?”

“राजम्याचं सूप. पुदिना घातलेलं.”

“बाबांना आवडायचं?”

“नाही,” दोन्का म्हणाली. “मला आवडतं.”