गोलकीपरच्या बदली दुसरी पाळी

आमच्या कोक ओव्हन विभागाचा फुटबॉल संघ दरवर्षी साखळीतच गारद व्हायचा. पोलादाच्या प्लांटमधल्या विभागांची ही स्पर्धा थंडीत असायची, आणि थंडी सरायच्या आधीच आम्ही दुसऱ्यांचे सामने बघणारे होऊन जायचो. तरी मी जायचो. पहिली पाळी संपली की अंगावरची काळोखी अर्धीमुर्धी धुऊन सायकल घराऐवजी मैदानाकडे वळवायचो. बायको म्हणायची, "तुमाले तिथं कोन्तं सोनं भेटते?"

मला कधी सांगता आलं नाही. पवनीकडून नोकरीला आलो तोवर मी फुटबॉल धड पाहिलाही नव्हता. पण ज्यांच्यासोबत रोज धूर गिळायचा, ती माणसं एकदा तरी जिंकताना बघावीत असं वाटायचं. पुढे पुढे तसं वाटण्याचाही शीण यायला लागला. डबा घेऊन कामावर जावं तसा मी मैदानावर जायचो.

ऐंशीनंतरच्या एका थंडीत मात्र आमचा संघ बाद फेरीत पोचला. साखळीतला शेवटचा सामना गोलशून्य सुटला आणि तेवढ्यावर आम्ही पुढे सरकलो. ते सगळं आमच्या गोलकीपरचं देणं. तो भंडाऱ्याकडचा, आमच्या शेजारच्याच क्वार्टरमध्ये राहायचा, वयाने माझ्याहून लहान. कामही आम्हा दोघांचं एकच. कोळसा भाजून त्याचा कोक करायच्या भट्ट्यांच्या लांब रांगेला आम्ही बॅटरी म्हणायचो. तिच्या माथ्यावर कोळसा ओतायची भोकं असतात, त्यांची लोखंडी झाकणं आकड्याने काढायची आणि लावायची. पायाखाली आग. साधा बूट टिकत नाही, म्हणून लाकडी तळाचे बूट.

"भाऊ, यंदा होऊन जाईन वाटते," तो अंगणातल्या नळावर मला म्हणाला.

"असं बोलू नको. मांगच्या सालीही असाच बोलला होता."

तो हसला. मी वर गंभीर तोंड ठेवलं, पण पुढचा सामना ब्लास्ट फर्नेस विभागाशी, त्यांचा लेफ्ट विंगर पळतो किती, आपला बॅक त्याला पुरेल का, हेच मनात चालू होतं. जेवताना बायकोने दोनदा भाजी विचारली, ती मला ऐकू आली नाही.

सामन्याच्या दिवशी माझी पहिली पाळी होती आणि त्याची दुसरी. खेळाडूंना एरवी सुट्टी मिळायची. पण त्या आठवड्यात तापाची साथ होती, निम्मी माणसं घरी पडून. पाळी संपवून मी खाली आलो, तर शिफ्ट ऑफिसच्या दारात तो खेळायच्या बुटांची पिशवी घेऊन उभा. आमचे इन्चार्ज निवृत्तीला आलेले, उत्तर प्रदेशचे, भले गृहस्थ. ते त्याला म्हणत होते, "बेटा, आदमी ही नहीं है. ऊपर किसको चढ़ाऊँ? तू बदली ला दे, अभी छोड़ता हूँ."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली.

"मी राहतो याच्या जागी," मी म्हणालो.

"भाऊ, तुमी तं मॅच पाहाले जाऊन राहिले होते!"

"तूच नसशीन तं काय पाहू? जाय, उशीर करू नको."

तो सायकल दामटत गेला आणि मी पुन्हा जिना चढलो. वर माझ्यासोबत एक छत्तीसगढी गडी होता. त्याने विचारलं, "जीत जाही का?" मी पुढच्या झाकणात आकडा अडकवला. सुरुवातीला मी मनातल्या मनात सामना खेळवत होतो. आता नाणेफेक झाली असेल, आता पहिला कॉर्नर. मग कोळशाची गाडी आली, तिच्यामागे दुसरी, पिवळा धूर डोळ्यांत गेला, आणि कधीतरी लक्षात आलं की उजेड उतरलाय आणि बराच वेळ आपण सामन्याचा विचारच केलेला नाही. टाऊनशिपकडून वारा येत होता. त्यात आवाज कसलाच नव्हता.

दिवे लागले तेव्हा जिन्यावर लाकडी बूट वाजले. तो आला होता. अंगावर जर्सी, तिच्यावर कामाचा कोट, मानेला लाल माती तशीच.

"उतरा भाऊ. मी आलो."

मग म्हणाला, "एका गोलनं गेलो. शेवटी शेवटी कॉर्नर होता. बोटाले लागला होता भाऊ बॉल. बोटाले लागून गेला."

"तू कावून आला मंग? घरी जाय. उरलेलं मी करतो."

"नाई. तुमी सकाळपासून उभे आहात. जेवलेही नसान."

दोन थकलेली माणसं एका आकड्यासाठी ओढाताण करत होती. शेवटी त्याने तो माझ्या हातातून काढूनच घेतला. मी खाली उतरलो. वाईट वाटेल असं समजत होतो, पण खरं सांगायचं तर आधी हलकंच वाटलं. आता पुढच्या सामन्याची वाट बघायची नव्हती. वाईट वाटलं ते फाटकाबाहेर, सायकलवर टांग टाकताना. आणि ते घरापर्यंत सोबत आलं.

बायकोने पाणी तापवून ठेवलं होतं. "हरले ना?"

"हो."

"अन् तुमाले पाहालेही नाई भेटलं," ती म्हणाली, आणि त्या दिवशी तिने सोन्याबिन्याचं काही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी गोलकीपरच्या बायकोकडून तिला कळलं की त्याचं बोट मोडलं होतं. कॉर्नरलाच. तसल्या हाताने त्याने उरलेली सगळी पाळी झाकणं ओढली होती. मी रागाने त्याच्या दारात गेलो, तर तो प्लॅस्टर घातलेला हात मांडीवर ठेवून चहा पीत होता. मी त्याच्यासमोर बसलो. त्याच्या बायकोने मलाही चहा दिला.

ते बोट नीट वळलं नाही आणि त्याचं खेळणं सुटलं. मी नोकरीत होतो तोवर आमच्या विभागाने ती स्पर्धा एकदाही जिंकली नाही. पुढची कित्येक वर्षं आम्ही दोघं मैदानाच्या पायऱ्यांवर शेजारी बसायचो. नव्या गोलकीपरला "पुढं ये, पुढं ये!" म्हणून ओरडून त्याचा घसा बसायचा. मी पाळी करून आलेला, उन्हाला पाठ दिली की डोळे मिटायचे. एकदा दचकून उठलो तर सगळे गप्प, आणि चेंडू मध्यावर ठेवलेला.

"गोल झाला? मले कावून नाई उठवलं?"

"त्यांचा होता, भाऊ," तो म्हणाला. "झोपा तुमी."