जिताड्याचे दोन भाव

१९ फेब्रुवारी, गुरुवार. सहा हजार एकशे एकोणपन्नास रुपये. तीन माणसांनी एका दुपारी समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलात केलेल्या जेवणाचा हा आकडा आहे. पावती माझ्याकडे आहे. बेरीज मी तीनदा तपासली, ती बरोबर आहे. बाकीचे अजून नीटसे कळलेले नाही, म्हणून लिहून ठेवतो.

जेवण घातले ते आमच्या धक्क्यावर मासळीचा लिलाव पुकारणाऱ्या माणसाने. त्याला सगळे भोंगा म्हणतात. पासबुकावर त्याचे खरे नाव आहे, पण बँकेत कुणी ते पुकारले तर तो आधी मागे वळून बघतो. धक्क्यावर तो पोरसवदा वयात बर्फ वाहायला लागला. एकदा लिलाव पुकारणारा तापाने आडवा पडला, होड्या तर येऊन लागलेल्या. तेव्हा बर्फाची पाटी खाली ठेवून हा पिंपावर चढला आणि ओरडला. आवाज शेवटच्या होडीपर्यंत गेला. त्या दिवसापासून तो पिंपावरून उतरलाच नाही असे म्हणायला हरकत नाही. टोपलीकडे नुसते बघून तो वजन सांगतो. काट्यावर पाव किलोच्या वर फरक निघालेला मी पाहिलेला नाही. दोष एकच. त्याला हळू बोलता येत नाही. तो कानात सांगतो तेही तिसऱ्या माणसाला ऐकू जाते. आमच्या चहावाल्याच्या मुलाचे लग्न मोडल्याची बातमी खुद्द चहावाल्याला अशीच कळली.

मी त्याच धक्क्यावरच्या सोसायटीचा हिशेबनीस. एकतीस वर्षे तो आकडा पुकारतो आणि मी तो वहीत 'बाजारभाव' या रकान्यात लिहितो. निवृत्तीला माझे आठ महिने राहिले आहेत.

भोंग्याची मुलगी त्या हॉटेलात बिलाच्या काउंटरवर बसते. कायम करण्याआधीचे तिचे तीन महिने परीक्षेचे होते, ते त्या शनिवारी संपणार होते. परीक्षेच्या काळात घरच्यांना एकदा जेवायला आणले तर पंधरा टक्के सूट मिळते. भोंगा महिनाभर त्या सवलतीच्या मागे लागला होता. मुलगी मात्र बुधवारी माझ्या ऑफिसच्या पायरीवर येऊन उभी राहिली.

"काका, तुम्ही जाल ना त्यांच्याबरोबर? माझ्या आधी जी होती, तिचा मामा बिलावरून काउंटरशी भांडला. गिऱ्हाईकांसमोर. दुसऱ्या दिवशी तिला येऊ नको म्हणाले."

"मग बाबांना बोलावतेस कशाला?"

"नाही बोलावलं तर रुसतील. आणि रुसले की ते गप्प बसत नाहीत, आणखी मोठ्याने बोलतात. तुम्ही फक्त त्यांचा आवाज सांभाळा. माझं कायम झाल्याचं पत्र शनिवारी निघायचं आहे."

भोंग्याने मला वेगळेच कारण सांगितले. "कार्ड वाचायला तू चल. आणि बिल तपासायला. त्यासाठीच शिकलास ना कॉमर्स?"

गुरुवारी लिलाव नऊला संपला. एक वाजता आम्ही हॉटेलच्या दारात होतो. भोंगा इस्त्रीच्या शर्टात, त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, नव्या चपलांत, आणि मी. दार काचेचे होते आणि ते आत ढकलायचे की बाहेर ओढायचे हे कळेना. भोंग्याने ढकलले, मी ओढले, तेवढ्यात ते बाजूला सरकले.

आत इतके शांत होते की वहिनी चपला काढायला वाकल्या. मीच त्यांना थांबवले. समोर मोठ्या काचेतून समुद्र दिसत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता. भोंगा त्या समुद्राकडे संशयाने बघत राहिला. "बंद केलाय का?" त्याने मला हळूच विचारले. तीन टेबलांवरची माणसे वळली. काउंटरवर मुलगी मान खाली घालून कागद सारखे करत होती. आम्हाला तिने ओळख दाखवली नाही, तसे ठरलेच होते.

वेटर आला. पांढरे हातमोजे घातलेला. "पाणी कोणतं घेणार?"

"किती प्रकारचं आहे?" मी विचारले.

"साधं, थंड, आणि बुडबुड्यांचं."

"हात धुवायचं यातलं कुठलं?" वहिनींनी विचारले. वेटर हसला नाही. शेवटी आम्ही दोन बाटल्या साध्या घेतल्या. पाण्याला पैसे पडतात हे तेव्हा आम्हाला सुचले नाही.

कार्ड मी वाचले. सूप तीनशे दहा, भात दोनशे ऐंशी. मोठ्या माशांच्या पुढे आकडाच नव्हता. लिहिले होते, 'बाजारभावाप्रमाणे'.

हे वाचले आणि भोंग्याचा चेहरा उजळला. "म्हणजे आपला भाव!"

मला ते पटले. आता हे लिहितानाही हाताला संकोच होतो. भाडे, वीज, नोकरांचे पगार, मालकाचा नफा, हे सगळे माशावर चढते हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. पण बाजारभाव हा शब्द मी ज्या वहीत एकतीस वर्षे लिहिला, तीच वही माझ्या डोळ्यांसमोर आली. त्या वहीत त्या दिवशी सकाळी जिताडा या माशापुढे किलोला ७२० हा आकडा होता, माझ्याच हातचा.

मासे एका उतरत्या टेबलावर बर्फात मांडले होते. आपण निवडायचा, मग ते भाजून आणतात. भोंगा तिथे गेला आणि एका जिताड्यासमोर थांबला. "हा माझा," तो म्हणाला. शेपटीचा खालचा कोपरा फाटलेला होता. "सकाळी मीच पुकारला. सव्वादोन भरेल."

वेटरने काट्यावर ठेवला. दोन किलो दोनशे पन्नास. वेटरने भोंग्याकडे जरा आदराने पाहिले, आणि भोंग्याला आता आपल्याच धक्क्यावर असल्यासारखे वाटू लागले. मी मनात मांडले: मासा सोळाशे वीस, तीन सूप आणि एक भात धरून दोन हजार आठशे तीस, वजा सूट. अडीच हजारांच्या आत. भोंग्याच्या खिशात साडेतीन हजार होते. तो निर्धास्त होता, मीही होतो.

सूपानंतर काचेच्या इवल्याशा वाट्यांत लिंबाचा बर्फ आला. "तोंड स्वच्छ करायला," वेटर म्हणाला.

भोंगा वाटीकडे बघत बसला. "बर्फ माशाखाली घालतात. माणसात कधीपासून घालायला लागले?"

"खा मुकाट्याने," वहिनी म्हणाल्या. "डोकंही थंड होईल."

मग मासा आला. वेटरने दोन चमच्यांनी काटा असा अलगद उचलला की भोंगा टाळी वाजवणार होता. मी त्याचा हात धरला. डोके वेगळे करून वेटर ते घेऊन निघाला.

"अहो दादा, डोकं कुठे नेताय?" वहिनींनी विचारले.

"मॅडम, डोकं आम्ही वाढत नाही."

"वजनात धरलं होतं ना?"

वेटर थांबला. त्याने आमच्याकडे पाहिले, डोक्याकडे पाहिले, आणि आत जाऊन ते वेगळ्या ताटलीत पालेभाजीच्या पानावर ठेवून परत आणले. वहिनींनी ते शेवटपर्यंत चाखून खाल्ले. "घरी मोठा मासा आला की डोकं माझ्या वाट्याला," त्या मला म्हणाल्या. "आज भावजी, डोक्याला वेगळी ताटली मिळाली." मासा चांगला होता का हे मला विचाराल तर सांगता येणार नाही. मऊ होता. भोंगा म्हणाला, "छान आहे, पण मासा खाल्ल्यासारखं वाटत नाही." त्याचा अर्थ त्यालाही सांगता आला नाही.

बिल चामड्याच्या पाकिटात आले. मी उघडले. जिताडा, २.२५० किलो, दर २,४००. रक्कम ५,४००. खाली पाणी, २८०. सूट वजा जाऊन, कर मिळवून, ६,१४९.

मी पाकीट मिटले. भोंग्याने ते माझ्या हातून घेतले. आकडे त्याला चांगले वाचता येतात.

"दोन हजार चारशे?" तो म्हणाला. हे त्याचे हळू बोलणे होते. काचेजवळच्या टेबलावर एकाने काटा-चमचा खाली ठेवला. "कुणी बोली लावली? मी तर सातशे वीसला दिला!"

काउंटरवर मुलगी उभी राहिली होती. तिच्या शेजारून मॅनेजर निघाला आणि आमच्याकडे आला. तरुण, नेमस्त माणूस.

"काही अडचण आहे का सर?"

"हा बाजारभाव कुठल्या बाजाराचा, साहेब?" भोंग्याने विचारले. तो चिडलेला नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. तो खरोखर विचारत होता.

"आमचा आजचा भाव आहे सर."

"आजचा किती वाजताचा?"

मॅनेजर अडखळला. "अकराला ऑफिसमधून कागद येतो."

"ऑफिसात मासे उतरतात?"

"नाही सर."

"मग भाव ठरवतं कोण?"

मॅनेजरने पाकिटातले बिल पुन्हा वाचले. मला वाटते, त्यालाही हे कधी सुचले नव्हते. क्षणभर ते दोघे एकमेकांकडे असे बघत राहिले, जसे परक्या स्टेशनावर चुकून उतरलेले दोन प्रवासी. भोंगा खुर्ची मागे सारून उठला. त्याची छाती भरली. पिंपावर चढताना ती अशीच भरते. मी मुलीकडे पाहिले, ती बापाकडे बघत होती. मी त्याची बाही धरली, पण बाहीने काय होणार?

"बसा खाली," वहिनी म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात, डाळीत मीठ घातलंय का असे विचारावे तशा. "धक्क्यावर तुम्हीच बायकांना दरडावता ना, टोपलीला हात लावलास की माल तुझा? आपण तर काटासुद्धा ठेवला नाही."

भोंगा उभाच होता. मग त्याच्या छातीतली हवा हळूहळू बाहेर गेली. तो बसला. "बरोबर आहे," तो म्हणाला, आणि हे मात्र खरोखर हळू होते. एकतीस वर्षांत त्याचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. नीट ऐकू आला की नाही याचीही मला खात्री नव्हती.

"काही अडचण नाही," मी मॅनेजरला म्हणालो. "बेरीज बरोबर आहे."

भोंग्याचे साडेतीन हजार, वहिनींच्या बटव्यातले एक हजार, माझे सोळाशे एकोणपन्नास. फोनवरून पैसे द्यायची सोय मी करून घेतलेली नाही आणि कार्ड कपाटात असते. माझ्याजवळ बसचे तेवढे राहिले. पैसे मुलीनेच मोजून घेतले. "धन्यवाद सर," ती बापाला म्हणाली. तो तिला काय म्हणावे ते न सुचून म्हणाला, "बरं बरं, मॅडम."

दुसऱ्या दिवशी सकाळी जिताड्याची पहिली टोपली आली. भोंगा पिंपावर उभा राहिला, टोपलीकडे पाहिले आणि थांबला. होड्यांवरची माणसे वर बघू लागली.

"काय रे भोंग्या, चावी संपली का?" एक व्यापारी ओरडला.

"कितीने सुरू करू?" भोंग्याने विचारले. मला नव्हे, कुणालाच नव्हे. असा प्रश्न त्याने कधी विचारलेला नाही. शेवटी कुणीतरी सातशे म्हणाले आणि गाडी चालू झाली. माल सातशे पस्तीसला गेला. मी वही उघडली. 'बाजारभाव' या रकान्यात आकडा लिहिताना पेन थोडे थबकले, पण दुसरा रकाना वहीत नाही.

शनिवारी पत्र निघाले. सोमवारी लिलाव आटोपल्यावर भोंगा ते घेऊन माझ्या टेबलाशी आला. मुलगी कायम झाली होती. पगार महिना चौदा हजार चारशे.

"वाच पुन्हा," तो म्हणाला. मी वाचले.

"म्हणजे आपल्या भावाने वीस किलो जिताडा," तो म्हणाला. आकडेमोड त्याची तोंडी असते. "महिनाभर बसून वीस किलो. चांगला आहे की."

"चांगला आहे."

"आणि त्यांच्या भावाने सहा." तो स्टुलावर बसला. "महिनाभर राबायचं आणि हातात सहा किलो. यात काय रे खायचं आणि काय ठेवायचं?" त्याने पत्रावर बोट ठेवले. "हिशेबनीस, तू शिकलेला आहेस. पगार मोठा आहे का लहान?"

मी कागद उलटा करून पाहिला, जणू मागे उत्तर असेल. कुठल्या दराने मोजायचे हे मला ठरवता येईना. पोरगी पगार घेणार त्यांचा, बाजार करणार आपल्या धक्क्यावर, असे काहीतरी मी बोललो, पण ते बोलताना मलाच पुरेसे पटले नाही.

"तिची आई काय म्हणते?" मी विचारले.

"ती म्हणते, पत्र कपाटात ठेवा आणि गप्प बसा."

त्याने पत्राची घडी घातली. मग खिशातून पाचशेच्या तीन नोटा काढून टेबलावर ठेवल्या आणि उरलेले पुढच्या आठवड्यात देतो म्हणाला. तो आठवडा होऊन गेला. एकशे एकोणपन्नास रुपये येणे आहे.