गूळवाल्या अण्णांचं आमंत्रण

उभ्या जन्मात ज्यानं एका माणसाला दारावरून उपाशी जाऊ दिलं नाही, त्याच्या तोंडून 'जेवायला चला' हे शब्द कायमचे नाहीसे झाले, तर वाचकहो, त्याचा दोष तुम्ही कुणाला द्याल? नदीला देणं सोपं आहे. ती उलटून बोलत नाही. पण मी पंचगंगेला दोष देणार नाही, आणि का देणार नाही तेच सांगायला बसलो आहे.

अण्णा माझ्या मित्राचे वडील. गुळाचे व्यापारी, उचगावला स्वतःचं गुऱ्हाळ, आणि अख्ख्या करवीर इलाख्यात यांच्याइतका जेवणाचा आग्रह करणारा माणूस झाला नाही, असं मी शपथेवर सांगतो. त्यातून घराणं जैन, म्हणजे दिवस मावळला की चूल बंद. त्यामुळे त्यांचा आग्रह दुपारपासूनच अंगात यायचा. तिसऱ्या प्रहरी ते रस्त्यावर उभे राहून एक डोळा सूर्यावर आणि दुसरा वाटसरूंवर ठेवायचे. "पावणं, दीस हाय तवर दोन घास खाऊन जायाचं," म्हणत त्यांनी एकदा कागलला निघालेलं वऱ्हाड गाड्यांतून खाली उतरवलं. नवरदेव बाशिंगासकट पंगतीला बसला आणि मुहूर्त कसाबसा गाठला गेला. वखारीत गुळाची ढेप उचलताना एक चोर सापडला, त्याला चावडीवर न्यायच्या आधी जेवू घालायचं अण्णांनी ठरवलं. तुपाची धार इतकी सैल सुटली की चोर तिथंच घोरायला लागला आणि त्याला उठवायला अण्णांचं मन होईना. जात विचारायची नाही, ओळख विचारायची नाही. लोक नावं ठेवत, ठेवणाऱ्यांनाही ते जेवायला बोलवत. त्यांच्या पत्नी, आमच्या आक्का, भाकरी थापता थापता म्हणायच्या, "देवानं ह्यांला तोंड दिलंय बोलवायला आनि मला हात दिल्यात थापायला."

असा माणूस पुराच्या वेळी स्वस्थ बसणं शक्य नव्हतं. नदीकाठचं एक गाव पाण्यात गेलं, माणसं छपरांवर चढली. दरबारानं पलटण पाठवली, होड्या दिल्या. इकडे आम्ही पेठेतल्या तरुणांनी मदत मंडळी काढली. आमच्याकडे पत्रकं भरपूर होती, होडी एकही नव्हती. तेव्हा अण्णांनी गुऱ्हाळातल्या काहिली काढून दिल्या. उसाचा रस उकळायच्या त्या लोखंडी कढया पाण्यात सोडल्या की तरंगतात, चारपाच माणसं मावतात. पलटण आम्हाला बडबडे म्हणत होती, आम्ही पलटणीला दांडगे म्हणत होतो. माणसं बाहेर काढून न्यायची कुठं, एवढा एक प्रश्न मात्र दोघांनी एकमेकांना विचारला नाही.

पलटणीचा सुभेदार होडीतून ओरडला, "खाली उतरा. छावणीत चला." छपरांवरची माणसं खाली उतरायच्या ऐवजी आढ्याकडं सरकली. सुभेदाराला वाटलं, ही माणसं खुळी आहेत. खुळी नव्हती. प्लेगच्या साली याच छावणीच्या नावानं त्यांच्या घरातली माणसं नेली होती आणि त्यांतली कितीतरी परत आली नव्हती. पाण्यात बुडणं त्यांना छावणीपेक्षा बरं वाटत होतं.

मग अण्णा काहिलीत उभे राहिले. काहील गरगर फिरत होती, दोर धरणारा मी घाबरलो होतो, आणि हा गृहस्थ लग्नघरचा यजमान असल्यासारखा हात जोडून म्हणत होता, "पावणं, जेवायला चला की. आक्कानं भाकऱ्या थापल्यात. दीस मावळायला आलाय, मला नंतर खाता येत न्हाय. माझ्यासाठनं तरी चला." छपरावरचा एक म्हातारा म्हणाला, "अण्णा, हितंबी सोडंना व्हय तुमी?" आणि हसत उतरला. त्याच्यामागून बाकीचे उतरले.

शेवटच्या छपरावर एक बाई होती, कडेवर तापानं फणफणलेली मुलगी. नवरा प्लेगच्या छावणीतून परत न आलेला. ती उतरेना. "छावणीत न्हाय न्ह्यायचं न्हवं?" तिनं विचारलं. अण्णा म्हणाले, "माझ्या घरी. माझ्या ताटाशेजारी." तिनं मुलगी त्यांच्या हातात दिली.

काठावर सुभेदार उभा होता. तो वाईट माणूस नव्हता. "अण्णा, मला हुकूम छावणीचा हाय, तुमच्या घराचा न्हाय," तो म्हणाला. "पोरीला ताप हाय. पेठेत साथ शिरली तर कोन जबाबदार?" अण्णा म्हणाले, "मी शब्द दिलाय." सुभेदार म्हणाला, "मला इचारून दिला हुता काय?" शिपायांनी सगळ्यांना उचगावच्या माळावरच्या छावणीत नेलं. जाताना ती बाई रडली नाही. एवढंच म्हणाली, "अण्णा, तुमी जेवायला बोलावलं हुतं."

अण्णांना छावणीत शिरू दिलं नाही. मुलगी तिथंच दगावली.

पाणी तर वाढतच होतं. खालच्या वाडीला काहील नेली तेव्हा अण्णांनी परत हात जोडले. छपरावरून आवाज आला, "गूळवाल्याचं जेवान म्हंजे छावणी. हटा मागं." बातमी आमच्या आधी पोचली होती. एकही माणूस उतरला नाही. दुसऱ्या दिवशी तिथली निम्मी छपरं दिसत नव्हती.

त्यानंतर मी अण्णांना कुणाला बोलावताना ऐकलेलं नाही. वाटसरू दारावरून जातात, ते नुसते बघतात. आक्कांचे हात मोकळे झाले, आणि त्यांना ते कुठं ठेवावेत कळत नाही. अण्णा रोज सकाळी पलटणीच्या कचेरीसमोर जाऊन बसतात. मागणं एकच: पुढच्या पावसाच्या आधी मंडळीला आणि पलटणीला एका चटईवर बसवा आणि होडीतून दिलेला शब्द काठावर पाळला जाईल असं ठरवा. पहारेकरी त्यांना उठवतो. ते उठतात, थोडं पुढं जाऊन परत बसतात. परवा सुभेदारानं त्यांच्या अंगावर स्वतःचं घोंगडं टाकलं. अण्णांनी ते ठेवून घेतलं.

पावसाला अजून अवकाश आहे. वाचकहो, पत्रक वाचून मान डोलावणं पुरे झालं, मीही लिहून थकलो. कचेरीसमोर या आणि त्यांच्या शेजारी बसा. एकट्या म्हाताऱ्याला पहारेकरी उठवू शकतो. पन्नास माणसांना उठवायला हुकूम लागतो, आणि तो हुकूम द्यायला पलटणीच्या साहेबाला बाहेर यावं लागेल.