वासुदेवभाऊंनी नापास केलेली गवताची मशीन

जुनी मशीन घ्यायला गेलेला माणूस मशीन घेऊनच परत येईल याची काही गॅरंटी नसते, पण किस्सा घेतल्याशिवाय तो परत येत नाही. आमच्याकडे असे किस्से इतके साचलेत की त्यांच्यासाठी एक टिनाचं शेड टाकावं लागेल!

'आमच्याकडे' म्हणजे आम्ही तिघं. कारंज्यात हायवेला लागून माझं हार्डवेअरचं दुकान आहे. समोरच्या बाकावर दोघं कायम बसलेले असतात. एक वासुदेवभाऊ, कापसाच्या जिनिंग मिलमधून रिटायर झालेले फिटर. दुसरा गजू, जो गावातल्या निम्म्या लोकांचे ट्रॅक्टर चालवतो आणि उरलेल्या निम्म्यांना सल्ले देतो. कुणाला जुना रोटाव्हेटर, जुनी ट्रॉली, काहीही घ्यायचं असलं की आम्हाला गाडीत घालून पाहायला नेतात. आमची फी म्हणजे चहा आणि वाटेत धाब्यावर तर्री-पोहे.

वासुदेवभाऊंनी आजपर्यंत एकही मशीन पास केलेली नाही. त्यांच्या मते जगातली शेवटची चांगली मशीन त्यांच्या जिनिंगमध्ये होती, आणि तीही ते रिटायर झाल्यावर बिघडली. गजूचं नेमकं उलट. त्याला गंजलेला पत्रा दाखवा, तो म्हणेल, "एक नंबर! घेऊन टाका!" मी मधला. एकाचं ऐकून गिऱ्हाईक रडकुंडीला आलं की त्याला दुसऱ्याकडे वळवायचं, एवढंच माझं काम.

यंदा गिऱ्हाईक होत्या शोभावहिनी.

*

शोभावहिनी म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र मनोहर, त्याची बायको. त्यांची संत्र्याची बाग आहे. मागच्या पावसाळ्यात मनोहर पाठीवर पंप घेऊन तणनाशक फवारत होता आणि फवारता फवारता विष अंगात भिनून बागेतच पडला. वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. वहिनी आयसीयूच्या बाहेर बसलेल्या मी पाहिल्या आहेत. तसं कुणाला बसावं लागू नये.

मनोहर घरी आला, हळूहळू जेवायला लागला, हिंडायला लागला. आणि यंदा पाऊस पडून झाडांच्या रांगांमध्ये गवत दिसायला लागलं तसा म्हणतो, "पंप कुठं ठेवला व?"

वहिनी त्याच दिवशी दुकानात आल्या. बसल्याही नाहीत.

"भाऊजी, ट्रॅक्टरमांगं लावाची गवत कापाची मशीन पायजे. नवी आमाले झेपत नाई, जुनी पाहा. पन लवकर पाहा. गवत वाढलं त हे कोनाचं आयकनार नाईत. मी झोपली असताना फवारून येतीन."

वासुदेवभाऊ बाकावरूनच म्हणाले, "जुनी मशीन घेऊ नये बाई."

"मंग पंप घेऊ काय, काकाजी?"

वासुदेवभाऊंनी बाकाखालच्या चपला पायात सरकवल्या.

*

वहिनींना घेऊन पहिली मशीन पाहायला गेलो हिंगणीकडे. तीन पात्यांची, वरून बरी दिसत होती. मालक तोंडाचा मोठा गोड.

"बंद मशीन नाई दाखवून राह्यलो तुमाले. चालती आहे! परवाच अख्खं वावर कापलं हिनं."

गजू म्हणाला, "एक नंबर!"

अशा मशीनचा खरा जीव खालच्या बाजूला असतो. पातं हातानं हलवून पाहायचं, खडखड वाजलं तर बेअरिंग गेली समजायचं. पत्रा आतून गंजलाय का तेही खालूनच कळतं. वासुदेवभाऊ गुडघे टेकून वाकले, हात आत घातला आणि "आई गं!" करून बाहेर काढला.

आत कोंबडी होती. अंड्यांवर बसलेली. चांगलं गवताचं घर बांधून, पिसं अंथरून बसलेली!

मालक म्हणाला, "आत्ताच शिरली असंल."

वासुदेवभाऊ बोट चोखत म्हणाले, "तिलेच विचारतो. तिचं आयकून तरी खरं कळंन."

*

दुसरी मशीन एका भाजीवाल्या शेतकऱ्याकडे. त्यानं ती आम्ही यायच्या आदल्या दिवशी रंगवली होती. लालभडक! जुन्या मशीनला नवा रंग दिसला की वासुदेवभाऊ खिशातून नाणं काढतात आणि कोपऱ्यात खरवडतात. रंगाखाली वेल्डिंगचे सांधे लपवलेले असतात म्हणून.

इथं नाणं काढायचीही गरज पडली नाही. गजू सवयीप्रमाणे मशीनला टेकून उभा राहिला होता. "एक नंबर" म्हणून तो सरळ झाला, तेव्हा मशीनचा निम्मा रंग त्याच्या पँटीवर होता आणि मशीनवर वेल्डिंगचं जाळं उघडं पडलं होतं.

तो शेतकरी बिचारा गजूकडे पाहून म्हणाला, "रॉकेल देऊ का?"

*

तिसऱ्या ठिकाणी तर मजाच झाली. मशीन ट्रॅक्टरला जोडून तयार. आमच्याकडे ट्रॅक्टरला इंजिनापेक्षा स्पीकर मोठे असतात हे तुम्हाला माहीत असेलच. मालकानं ट्रॅक्टर सुरू केला, मशीन फिरवली आणि त्याच क्षणी देवीचं गाणं लावलं. असं मोठ्यानं की शेजारच्या वावरातला बैल दावं तोडायला लागला.

मी ओरडून म्हणालो, "भाऊ, गाणं बंद करा ना!"

"काऊन? देवीचं आहे!"

आता देवीचं गाणं बंद करा असं कसं म्हणणार? वासुदेवभाऊंनी चपला काढल्या, हात जोडले, डोळे मिटले आणि गाणं संपेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "देवीचं झालं. आता मशीनचं आयकू द्या."

मालकाला दुसरं गाणं लावायचं सुचेपर्यंत गियरबॉक्सनं जे काही आवाज काढले ते ऐकून शोभावहिनींनीच पदर खोचला आणि गाडीकडे चालायला लागल्या.

गाडीत बसून निघालो. बाहेर जिकडंतिकडं हिरवं झालं होतं. एरवी पाहून बरं वाटतं. त्या दिवशी आम्हा चौघांनाही ते हिरवं नकोसं झालं होतं.

*

आणि मग सापडली ती बोरगाव मेघेची मशीन.

तिथं एका बापूजींचं लग्नाचं लॉन होतं. मुलांनी त्यावर पेव्हर ब्लॉक टाकले, हिरवळ गेली आणि मशीन रिकामी झाली. बापूजी सत्तरीच्या पुढचे, पांढरं धोतर, मशीनवर जुनी चादर पांघरलेली. चादर काढली आणि मला कळलं, हीच. पातं हलवलं, आवाज नाही. पट्टा मऊ, कुठं चीर नाही. पत्रा ठोकला, टणक. गियरबॉक्सखाली तेलाचा एक डाग नाही. मालक म्हणून एखादा माणूस मशीनची किती सेवा करू शकतो ते तिथं दिसलं.

वासुदेवभाऊंनी कान खाजवला. ही आमची खूण. कान खाजवला म्हणजे माल चांगला आहे, आता नावं ठेवायला लागा. माल घ्यायचा असला की आधी त्याला नावं ठेवायची, ही आमच्याकडची रीतच आहे. विकणाराही ऐकतो, हसतो, आणि भाव थोडा खाली येतो. कुणी मनावर घेत नाही.

वहिनी आत बापूजींच्या बायकोजवळ चहा घेत होत्या. आम्ही सुरू झालो.

"बेअरिंग गेली वाट्टे," वासुदेवभाऊ म्हणाले.

"गियरबॉक्स उघडाच लागन," मी म्हणालो.

"पत्र्यात दम नाई राह्यला." हे चक्क गजू! त्याला आम्ही वाटेतच पढवून ठेवलं होतं.

वासुदेवभाऊंना तर जोरच चढला. आयुष्यभराची विद्या त्यांनी त्या मशीनवर ओतली. पाती वाकलेली, शाफ्ट झिजलेला, चाकं गेलेली! बापूजी मान हलवत ऐकत होते. शेवटी आम्ही विचारलं, "मंग बोला बापूजी, कसं करता?"

बापूजींनी चादर उचलली आणि मशीन पुन्हा झाकली.

"मले माहीतच नव्हतं इतकी खराब झाली म्हून. थे बाई आतमंदी मालकिणीले सांगून राह्यली होती, तिच्या मालकाचं काय झालं थे. अशा बाईच्या गळ्यात मी हे मारू? नाई होत माझ्यानं. उद्या भंगारवाल्याले देतो."

आमचे चेहरे पाहायला हवे होते!

"तशी काई इतकी खराब नाई," वासुदेवभाऊ घाईघाईनं म्हणाले.

"बेअरिंग गेली म्हनत होते न?"

"थे... नवीच आहे वाट्टे."

"माझं मन राखून राह्यले तुमी," बापूजी म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "लय भले लोक आहात!"

मी गियरबॉक्सची स्तुती केली. गजूनं "एक नंबर" म्हटलं, मनापासून म्हटलं. जितकी तारीफ करावी तितका बापूजींना आमच्या भलेपणाचा गहिवर यायचा. आम्हाला त्यांनी हाताला धरून फाटकापर्यंत पोहोचवलं.

*

गाडीत बसल्यावर वहिनींना सांगावंच लागलं. सांगितलं मी, शिव्या खायची तयारी ठेवून. वासुदेवभाऊ खिडकीबाहेर पाहत होते. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. खरं सांगतो, मला माझीही लाज वाटली आणि त्यांची दयाही आली.

वहिनी एवढंच म्हणाल्या, "गाडी फिरवा."

बापूजी ओट्यावरच बसले होते. वहिनी समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बापूजी, मशीन खराब आहे म्हनता न तुमी? असू द्या खराब. बिघडली त हे तिघं आहेत दुरुस्त कराले. दिवसभर बाकावर बसून राह्यते, दुसरं काय काम आहे याईले? पन आमचे हे पंप घेऊन गेले आन् पुन्हा पडले, त मी कोनाले बोलावू?"

बापूजी ओट्यावरून उठले. मग आत आवाज दिला, "नारळ आना व एक."

आम्ही सुटलो म्हणून श्वास सोडतोय तोच त्यांनी वासुदेवभाऊंकडे बोट केलं. "पन एक अट आहे. या भाऊनं जेवढे फॉल्ट सांगतले, तेवढे सगळे यानंच दुरुस्त करून द्याचे! त्याच्याशिवाय बाई मशीन चालवनार नाई."

वासुदेवभाऊंनी नसलेले सगळे फॉल्ट दुरुस्त करायचं कबूल केलं.

*

आणि बापूजी काही विसरणारे नव्हते. दुसऱ्याच दिवशी वासुदेवभाऊंना फोन.

"बेअरिंग झाली?"

"झाली, बापूजी."

"आन् शाफ्ट?"

"शाफ्ट... खोलून ठेवला आहे." शाफ्ट जागच्या जागी होता. वासुदेवभाऊ माझ्या दुकानात बसून पोहे खात होते.

"घाई नका करू," बापूजी म्हणाले. "काम पक्कं झालं पायजे."

मनोहर तिकडे रोज पंपाची नळी धुऊन ठेवत होता. शेवटी वहिनींचा निरोप आला, गवत वीतभर व्हायला आलं. ही लॉनची मशीन, बारीक गवताची. गवत कमरेएवढं झालं तर ती ओढणार नाही, हे वासुदेवभाऊंनीच वहिनींना समजावलेलं. मग भाऊंनीच लगेच बापूजींना फोन लावला.

"बापूजी, सगळं झालं. गियरबॉक्स, पाती, चाकं, सगळं!"

"इतक्या लवकर? मंग पत्रा?"

"पत्राबी!"

मग बापूजी म्हणाले, "तुमच्यासारखा फिटर मीनं नाई पाह्यला. आमच्या इकडची एक मोटर बंद पडली आहे, येता काय?"

वासुदेवभाऊंनी फोन ठेवला आणि गार पाणी मागितलं.

*

मशीन लागली त्या दिवशी आम्हाला दुकान सोडून जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच वासुदेवभाऊ माझ्या गाडीवर मागे बसले. रात्रभर झोपले नसावेत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या होकारावर कुणी मशीन घेतली होती.

बागेत रांगांमधून गवत कापून पसरलेलं होतं, ताज्या कापलेल्या गवताचा वास होता. मनोहर ट्रॅक्टरच्या सावलीत बसून बशीत चहा ओतत होता. अंगात नुसती बनियान, चेहरा उन्हानं तापलेला. मला पाहून म्हणाला, "बस बे."

वासुदेवभाऊ काही बसले नाहीत. सरळ वहिनींना गाठलं. मनोहर ट्रॅक्टर चालवत असताना वहिनी काल सगळी बाग मागून पायी फिरल्या, हे त्यांना वाटेतच कुणीतरी सांगितलं होतं.

"बाई, तुमी मांगून चालत होत्या न? मंग सांगा बरं. गवत सारखं कापून राह्यली का खालीवर? थरथर जाणवली काई? पट्टा घसरला कुठं? वळताना आवाज?"

वहिनी विचारात पडल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"काकाजी, खरं सांगू का? मशीनकडं पाहाचं राहूनच गेलं."

"राहून गेलं? अवो, अख्खी बाग तुमी मांगं चालल्या! मंग पाह्यलं काय?"

वहिनींनी हनुवटीनं मनोहरकडे दाखवलं.

"याईची पाठ."