तसबिरीतले भोई
वार्निशचा वास आला की आमच्या हिंदीभाषक शहरातलं, नानाखेड्यातलं तेव्हाचं ते नवं हॉटेल आठवतं. बी.कॉम. झाल्यावरचा माझा पहिला इंटरव्ह्यू तिथेच होता, सोबत बाबा होते. भिंतीवर फ्रेम केलेली आफ्रिकेची जुनी चित्रं होती. एकात डोलीत गोरा साहेब, खांदा द्यायला काळे भोई. आमच्याकडे फ्रेममध्ये देव नाहीतर घरातले गेलेले असतात, म्हणून बाबांनी चपला काढून हात जोडले. मालक हसले, "काका, ये तो डेकोरेशन है." नोकरी गेलीच, अशी मला धास्ती वाटली. बाबांनी चित्र पुन्हा नीट पाहिलं आणि हात तसेच जोडून म्हणाले, "तो फिर इन उठाने वालों को ही सही." नोकरी मिळाली, तिच्यावर घर उभं राहिलं, पण तिथे काम करताना त्या भोयांच्या भिंतीकडे पाठ करून मला अजून निवांत बसता येत नाही.